अॅडॅप्टरचं इव्हेंट मॉनिटरिंग चालू केलं, तरी ट्रेस फाइल रिकामी

नोंदवही:

नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे वेबस्फिअर प्रोसेस सर्व्हर 7 (कामाचे टप्पे चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) आहे. क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात) दोन मेंबर, दोन वेगळ्या मशीनवर. गोदामाच्या डेटाबेसमध्ये ऑर्डर पडली की ट्रिगर (डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा छोटा कोड) इव्हेंट टेबलमध्ये एक ओळ टाकतो, जेडीबीसी अॅडॅप्टर (डेटाबेस आणि सर्व्हर यांना जोडणारा भाग) ती ओळ उचलतो आणि प्रोसेसकडे देतो, तिथून बिलिंग. अॅडॅप्टर अॅप्लिकेशनच्या ईएआरमध्येच (पॅकेज फाइलमध्येच) बांधलेला आहे.

तक्रार बिलिंगवाल्यांची आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार काही ऑर्डरी चार-चार तास उशिरा येतात, काही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्या नाही. शंभरातल्या चार-पाच. बाकीच्या काही सेकंदांत पोचतात. सिस्टिम आउट लॉगमध्ये एकही एरर नाही, एफएफडीसीच्या (बिघाड झाला की सर्व्हर आपोआप टाकतो त्या नोंदींच्या) फोल्डरमध्येही त्या वेळेचं काही नाही.

म्हणून ठरवलं की अॅडॅप्टरचं इव्हेंट मॉनिटरिंग चालू करून प्रत्येक ऑर्डर कधी उचलली आणि कधी सोपवली ते बघायचं. अॅडमिन कन्सोलमध्ये ट्रबलशूटिंग, लॉग्ज अँड ट्रेस, पहिला मेंबर, चेंज लॉग डिटेल लेव्हल्स, असं गेले. तिथल्या चौकटीत इव्हेंट मॉनिटरची लॉगवाली शाखा आणि तिच्याखाली रिसोर्स अॅडॅप्टर, पुढे तारांकन, लेव्हल फायनेस्ट, असं लिहिलं. सेव्ह केलं, दुसऱ्या मेंबरवर सिंक झालेलंही पाहिलं.

ट्रेस फाइलमध्ये (सर्व्हरच्या बारीकसारीक नोंदींच्या फाइलमध्ये) काहीही नाही. सुरुवातीच्या चार-सहा ओळी, बस्स. ऑर्डरी मात्र जात आहेत, त्या मी बिलिंगमध्ये डोळ्यांनी बघते आहे.

दोन प्रश्न. माझं नक्की काय चुकतंय? आणि हेच इव्हेंट ट्रेस फाइलऐवजी कॉमन इव्हेंट इन्फ्रास्ट्रक्चरच्या (सीईआय, सर्व्हरमधले इव्हेंट एका जागी जमवणारी यंत्रणा) डेटाबेसमध्ये टाकले तर शोधायला सोपं पडेल का? आमचे वरिष्ठ म्हणतात, सरळ सीईआय चालू कर, सगळं फायनेस्टला ठेव, म्हणजे काही सुटणार नाही.

रिकामाकॉलम:

बदल कॉन्फिगरेशन टॅबवर केलात की रनटाइम टॅबवर? कॉन्फिगरेशनवर केलेला बदल सर्व्हर पुन्हा चालू केल्यावरच लागू होतो. लगेच हवा असेल तर रनटाइम टॅबवर लिहा. तिथेच रनटाइममधले बदल कॉन्फिगरेशनमध्येही सेव्ह करण्याची खूण आहे. ती केली नाही तर रीस्टार्टनंतर बदल जातो.

आणि चौकटीत आधीपासून असलेलं "सगळ्यांना इन्फो" पुसू नका. त्याच्यापुढे अपूर्णविराम देऊन आपलं नवीन कलम जोडा. मी एकदा ते पुसलं होतं आणि नेहमीचे मेसेज कुठे गेले म्हणून अर्धा दिवस घालवला.

नोंदवही:

कॉन्फिगरेशनवरच केला होता, रीस्टार्टही केला नव्हता. धन्यवाद.

आता रनटाइम टॅबवर लिहिलं. लेव्हल लागू झाल्याचा मेसेज लॉगमध्ये दिसला. पण वीस मिनिटं झाली, तेवढ्या वेळात किमान साठ ऑर्डरी गेल्या असतील, आणि ट्रेसमध्ये अॅडॅप्टरची एकही ओळ नाही.

जुनीपाटी:

दुसऱ्या मेंबरवर बघा.

क्लस्टरमध्ये अॅडॅप्टर दोन्ही मेंबरवर चढलेला असतो, पण इव्हेंट उचलण्याचं काम एकच जण करतो. रिसोर्स अॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये हाय अॅव्हेलेबिलिटीची एक प्रॉपर्टी असते आणि ती मुळातच चालू असते. ती चालू असेल तर एक मेंबर पोलिंग करतो (ठरावीक अंतराने टेबल तपासतो), दुसरा राखीव बसतो; पहिला पडला तरच दुसरा उठतो. हे असंच हवं, नाहीतर दोघं एकाच इव्हेंट टेबलवर तुटून पडतील आणि तीच ऑर्डर दोनदा जाण्याची पाळी येईल. तुमचा पहिला मेंबर बहुधा राखीव बसलेला आहे. त्याची ट्रेस फाइल रिकामी आहे ती बरोबरच आहे.

लॉग लेव्हल प्रत्येक मेंबरची वेगळी असते. कन्सोलमध्ये सिंक होते ती फाइल, पहिल्याची लेव्हल दुसऱ्याला लागत नाही. म्हणून दोन्हीकडे स्वतंत्रपणे लिहा. आज दुसरा काम करतोय. उद्या त्याला पॅच लावायला थांबवलात की काम पहिल्याकडे येईल आणि नोंदी तिथे पडू लागतील. दोन्ही फाइली एकत्र वाचण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

आता तुमच्या वरिष्ठांच्या सल्ल्याबद्दल. थोडं मोठं लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत माझ्या टीमने एका रात्रीत मोजली आहे.

इव्हेंट मॉनिटरिंगमध्ये फाइन, फायनर आणि फायनेस्ट या तीन लेव्हल ट्रेसच्या नेहमीच्या लेव्हलसारख्या वाटतात, पण इथे त्यांचा अर्थ वेगळा आहे. नोंद तिन्हीत पडते. फरक आहे तो बिझनेस ऑब्जेक्टच्या (इथे ऑर्डरच्या) मजकुराचा. फाइनमध्ये इव्हेंट झाला एवढंच कळतं, ऑब्जेक्टचा मजकूर अजिबात नाही. फायनरमध्ये मजकुराचं वर्णन येतं. फायनेस्टमध्ये अख्खा ऑब्जेक्ट येतो: ग्राहकाचं नाव, पत्ता, रक्कम, ऑर्डरमधली प्रत्येक ओळ. तुमच्या प्रश्नाला यातलं काय लागतं? कधी उचलली आणि कधी सोपवली. म्हणजे वेळ आणि ओळख. त्याला फाइन पुरतं.

आमच्याकडे त्या वेळी सीईआयची शाखा फायनेस्टला ठेवली होती, थेट प्रॉडक्शनवर. सांगणारा कोणी वरिष्ठ नव्हता, निर्णय माझाच होता. सीईआयमध्ये इव्हेंट ठेवायचे तर इव्हेंट सर्व्हिस प्रत्येक नोंद आपल्या डेटाबेसमध्ये लिहिते आणि आमच्या ऑर्डरी मोठ्या होत्या, एकेकीत दोनशे-दोनशे ओळी. त्यात एमिटर (सीईआयला इव्हेंट पाठवणारा भाग) सिंक्रोनस ठेवलेला, म्हणजे नोंद होईपर्यंत ऑर्डर थांबून राहायची, आणि इव्हेंट पाठवण्याचं काम चालू ट्रान्झॅक्शनमध्येच (सगळं एकत्र पूर्ण होतं किंवा एकत्र रद्द) सामील केलेलं. दिवसभर सगळं छान. रात्री महिनाअखेरीच्या ऑर्डरी आल्या, इव्हेंट डेटाबेसची जागा संपली, आणि नोंद लिहिता येईना म्हणून ज्या ऑर्डरीची ती नोंद होती तिचंच ट्रान्झॅक्शन मागे फिरू लागलं. देखरेखीसाठी लावलेल्या यंत्रणेने देखरेखीखालचं काम बंद पाडलं. मी पहाटेपर्यंत अॅडॅप्टरमध्ये दोष शोधत होतो आणि अॅडॅप्टर पूर्ण निरोगी होता.

म्हणून सीईआय लावायचंच असेल तर आधी एमिटर फॅक्टरीचं प्रोफाइल उघडा. सिंक्रोनायझेशनची पद्धत असिंक्रोनस ठेवा, म्हणजे नोंद जेएमएसच्या (जावाच्या मेसेजिंगच्या) रांगेतून जाईल आणि ऑर्डर तिच्यासाठी थांबणार नाही. ट्रान्झॅक्शन प्रोफाइलही बघून घ्या. त्यानंतर स्वतःला विचारा, या नोंदी नंतर वाचणारं कोण आहे? मॉनिटरचं एखादं अॅप्लिकेशन सीईआयमधून इव्हेंट घेत असेल तर सीईआय हवंच. कोणी घेत नसेल आणि फक्त तुम्हाला आठवडाभर शोध घ्यायचा असेल, तर लॉगची शाखा पुष्कळ झाली. फाइल वाचता येते, शोधता येते, आणि काम संपल्यावर फेकता येते.

लॉगच्या शाखेलाही एक पथ्य आहे. ट्रेस फाइलचा आकार आणि जुन्या किती फाइली ठेवायच्या ते आधी वाढवा. आमच्याकडे 20 एमबीची फाइल आणि जुनी एकच, अशी सेटिंग होती. गर्दीच्या वेळी हव्या त्या तासाच्या नोंदी दहा मिनिटांत पुसल्या जायच्या.

ग्राहकांचा मजकूर ट्रेसमध्ये पडणं हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. अॅडॅप्टरमध्ये वापरकर्त्याची माहिती लॉग आणि ट्रेसमध्ये एक्स-एक्स-एक्स करून झाकणारी प्रॉपर्टी आहे. ती चालू करा, आणि तरीही फायनेस्ट टाळा. झाकण आहे म्हणून ताट उघड्यावर मांडू नये.

आणखी एक. त्या सर्व्हरवर दुसरा कुठला अॅडॅप्टर आहे का? असेल तर दोघांचा अॅडॅप्टर आयडी बघा. मुळात तो 001 असतो आणि बहुतेक लोक बदलत नाहीत. दोघांचा एकच राहिला तर लॉगमधल्या ओळी आणि परफॉर्मन्स मॉनिटरिंगचे आकडे एकमेकांत मिसळतात, आणि कुठली ओळ कुणाची ते कळायला मार्ग उरत नाही.

नोंदवही:

दुसऱ्या मेंबरवर लिहिलं आणि मिनिटाभरात नोंदी धो-धो येऊ लागल्या! अक्षरशः हायसं वाटलं. लेव्हल फाइनवर आणली, दोन्हीकडे. आयडी वेगळा केला, कारण फ्लॅट फाइलचा अॅडॅप्टरही तिथेच आहे आणि दोघेही 001 होते.

पण आता नवीन कोडं. काल दुपारी एक ऑर्डर गोदामात 2 वाजून 10 मिनिटांनी पडली, बिलिंगला 6 वाजता पोचली. ट्रेसमध्ये अॅडॅप्टरने ती 6 वाजताच उचलली आणि त्याच सेकंदात सोपवली. परफॉर्मन्स मॉनिटरिंगही चालू केलं, कस्टम सेटमध्ये अॅडॅप्टरचे काउंटर निवडून. उचलण्याच्या आणि सोपवण्याच्या, दोन्ही गटांत चांगल्या विनंत्यांचा आकडा वाढतोय, वाईट विनंत्या शून्य, प्रतिसादाचा वेळ काही मिलिसेकंद. म्हणजे मॉनिटरिंगच्या मते सगळं उत्तम चाललंय. मग ती ऑर्डर चार तास होती कुठे?

जुनीपाटी:

इव्हेंट टेबलमध्ये होती. हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे आणि तो कन्सोलच्या कुठल्याच पडद्यावर लिहिलेला नाही. अॅडॅप्टरचं मॉनिटरिंग सुरू होतं ते अॅडॅप्टरने इव्हेंट हातात घेतल्यापासून. त्याच्या आधीचं त्याला काही ठाऊक नसतं. त्यामुळे मॉनिटरमधली शांतता दोन प्रकारची असू शकते: येण्यासारखं काही नव्हतं, किंवा होतं पण उचललं गेलं नाही. दोन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात.

मॉनिटरिंग करायचं तर दोन टोकांना करायचं. एक टोक सर्व्हरमधलं, ते तुम्ही लावलंत. दुसरं टोक इव्हेंट टेबल. त्यात स्टेटसचा कॉलम आहे: नवीन इव्हेंटला 0, सोपवलेल्याला 1, बिघडलेल्याला उणे 1. दर पाच मिनिटांनी एवढंच विचारा की 0 असलेल्या ओळी किती आणि त्यातली सगळ्यात जुनी कधीची. आकडा थोडा वर-खाली होणारच, कारण अॅडॅप्टर ठरावीक अंतराने येतो आणि एका फेरीत ठरावीक ओळीच उचलतो. पण सगळ्यात जुन्या ओळीचं वय वाढत चाललं तर काहीतरी अडलं आहे. मला सगळ्या काउंटरपैकी एकच ठेवायची परवानगी दिली तर मी हे वय ठेवीन.

तिसराडबा:

मी डेटाबेसच्या बाजूचा आहे, मध्ये बोलतो. वय मोजताना इव्हेंटच्या वेळेचा कॉलम आंधळेपणाने धरू नका. त्यात काय लिहायचं ते ट्रिगर लिहिणाऱ्याच्या हातात असतं. ओळ खरोखर कधी पडली त्यासाठी आम्ही वेगळा कॉलम जोडलेला टेबल ठेवतो, ट्रिगरमधूनच भरलेला.

नोंदवही, आत्ता 0 स्टेटसच्या ज्या ओळी तिथे बराच वेळ बसल्या आहेत, त्यांच्यातला इव्हेंटच्या वेळेचा कॉलम काय दाखवतो ते इथे लिहा. ओळी नकोत, फक्त वेळा. घड्याळात आत्ता किती वाजलेत तेही.

नोंदवही:

आत्ता 11 वाजून 25 मिनिटं झाली आहेत. 0 स्टेटसच्या सहा ओळी आहेत. त्यातल्या दोन ताज्या, त्या बघता-बघता गेल्या. उरलेल्या चारांत वेळ आहे दुपारी 3, दुपारी 3, संध्याकाळी 5 आणि उद्या सकाळी 9.

पुढच्या वेळा! या ओळींना अजून यायच्या असलेल्या वेळा कशा?

जुनीपाटी:

सापडलं. अॅक्टिव्हेशन स्पेसिफिकेशनच्या (अॅडॅप्टरने इव्हेंट कसे उचलायचे ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या) प्रॉपर्टीजमध्ये भविष्यातल्या वेळेचे इव्हेंट थांबवून ठेवणारी एक प्रॉपर्टी आहे. मुळात ती बंद असते. तुमच्याकडे कोणीतरी चालू केली आहे. ती चालू असली की अॅडॅप्टर प्रत्येक ओळीची वेळ सिस्टिमच्या वेळेशी ताडतो आणि पुढची असेल तर ती वेळ येईपर्यंत ओळीला हात लावत नाही. त्याच्या दृष्टीने यात अडचण काहीच नाही, म्हणून एरर नाही, इशारा नाही, वाईट विनंत्यांत भर नाही. तो सांगितलेलं काम चोख करतो आहे.

आता प्रश्न उरतो की ट्रिगर त्या कॉलममध्ये पुढची वेळ का टाकतो. तीन आणि पाच आणि नऊ, अगदी तासाच्या ठोक्यावर, म्हणजे ही घड्याळ पुढे असल्याची खूण नाही. घड्याळ पुढे असतं तर सगळ्याच ओळी सारख्या अंतराने पुढे असत्या. ही माणसाने निवडलेली वेळ दिसते. गोदामवाल्यांना विचारा.

नोंदवही:

विचारलं. गेल्या महिन्यात त्यांनी ऑर्डरच्या फॉर्मवर "माल पाठवण्याची वेळ" हा नवा रकाना आणला. तो भरला असेल तर ट्रिगर तीच वेळ इव्हेंटच्या कॉलममध्ये टाकतो, नसेल तर आत्ताची. रकाना शंभरातले चार-पाचजणच भरतात. बिलिंगच्या तक्रारीही गेल्या महिन्यापासूनच्या आहेत, हे मी आज पहिल्यांदा जुळवून पाहिलं.

प्रॉपर्टी आमच्याच जुन्या टीमने चालू केली होती, एका वेगळ्या कामासाठी. ते काम दोन वर्षांपूर्वी बंद झालं. आता ती बंद करू का? की ट्रिगर दुरुस्त करायला सांगू?

जुनीपाटी:

दोन्ही, पण आधी ट्रिगर. प्रॉपर्टी आज बंद केलीत तर थांबलेल्या ओळी पुढच्याच फेरीत एकदम जातील. चार ओळींना काही होत नाही, पण बंद करण्याआधी मोजा. शिवाय त्या कॉलमचा अर्थ "इव्हेंट कधी घडला" असाच राहिला पाहिजे. पाठवण्याची वेळ ऑर्डरच्या आत जाऊ द्या, तिथे तिला जागा आहे. प्रॉपर्टी बदलल्यावर अॅप्लिकेशन पुन्हा चालू करा आणि पोलिंग कुठल्या मेंबरवर सुरू झालं ते ट्रेसमध्ये बघून घ्या.

तिसराडबा:

आणि 0 स्टेटसच्या सगळ्यात जुन्या ओळीचं वय मोजताना आता पुढच्या वेळेच्या ओळीही वेगळ्या मोजा. असा आकडा शून्याच्या वर गेला की कोणीतरी पुन्हा त्या कॉलमशी खेळतंय.

नोंदवही:

ट्रिगर काल रात्री बदलला, प्रॉपर्टी आज सकाळी बंद केली. त्या वेळी थांबलेल्या नऊ ओळी होत्या, सगळ्या पहिल्याच फेरीत गेल्या. रीस्टार्टनंतर पोलिंग पहिल्या मेंबरवर आलंय, त्यामुळे आता दुसऱ्याची ट्रेस फाइल रिकामी आहे आणि मला त्याची अजिबात भीती वाटत नाही.

टेबलाची तपासणी दर पाच मिनिटांनी लावली: जुन्यात जुनी ओळ, उणे 1 किती, आणि पुढच्या वेळेच्या किती. सीईआय लावलेलं नाही. वरिष्ठांना जुनीपाटींचं ते महिनाअखेरीच्या रात्रीचं उत्तर वाचायला दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि एमिटर फॅक्टरीचं प्रोफाइल उघडून दाखव म्हणाले. आमचंही सिंक्रोनस आहे, ट्रान्झॅक्शन तेच. ते आता बदलायच्या यादीत आहे.